पोत्यातले सोयाबीन पातेल्यात

(जिल्हा मेळाव्यात महिला आघाडीच्या वतीने झालेले भाषण)



सकाळपासून या मांडवात सोयाबीनच्या भावावर बोलणे चालले आहे. ते व्हायलाच पाहिजे. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि कित्येकांची पोती चार-सव्वाचार हजाराने गेली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये बाहेरून बारा लाख टन पेंड आणायला परवानगी दिली, डिसेंबरात वायदे बंद केले, हेही कोणी विसरलेले नाही. आम्ही मात्र चुलीपाशी बसून बोलणार आहोत.

आमची ज्वारी कणगीत जाते. तुरीची डाळ डब्यात जाते. आणि सोयाबीन? मळणीयंत्रातून पोत्यात, पोत्यातून ट्रॉलीत. मूठभर घरात राहत नाही. डब्यातली डाळ संपली की त्याच पैशातून दुकानातली आणायची आणि महिनाअखेरीला वरणात पाणी वाढवायचे. शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला तर नुसते पाणीच. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने, सोयाबीनमध्ये छत्तीस ते चाळीस. जे जास्त सकस ते मातीमोल विकायचे, हा कुठला हिशेब?

१९९१ साली शेगावला शरद जोशींनी माजघर शेतीचा विचार मांडला. आपल्या मालावर आपल्या घरातच प्रक्रिया. टोफू, म्हणजे सोयाबीनचे पनीर, त्यातच बसते.

पहिल्या खेपेला आमची फजिती झाली. दूध नीट उकळले नाही, हिरवट वास राहिला, घरच्यांनी ताटे सरकवली. चूक आमचीच. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा घटक असतो, तो उकळल्याशिवाय मोडत नाही.

आता असे करतो. एक किलो सोयाबीन निवडून रात्री भिजत घालायचे. सकाळी चोळून साल काढायची, दाणे पाच मिनिटे उकळत्या पाण्यात टाकायचे, वास तिथेच निम्मा जातो. मग गरम पाणी घालत बारीक वाटायचे. सगळे मिळून सात-आठ लिटर पाणी लागते. पातेले मोठे घ्या, फेस झपकन वर येतो. ढवळत ढवळत पंधरा-वीस मिनिटे उकळले की कापडातून गाळून पिळायचे. दूध पुन्हा तापवून खाली उतरवायचे आणि लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा सोडायचा. पिवळसर नितळ पाणी सुटले की हात थांबवा, जास्त रसाने आंबट होते. कापडात बांधून अर्धा तास पाट्याखाली. दीड किलोच्या आसपास पनीर निघते. गार पाण्यात बुडवून ठेवावे, पाणी रोज बदलावे, दोन दिवसांत संपवावे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पेरणीतून उरलेले, औषध लावलेले बियाणे धुऊनसुद्धा वापरायचे नाही.

चवीचे म्हणाल तर टोफूला स्वतःची चव नाही, मसाल्याची घेतो. म्हणून फोडी आधी मीठ-हळदीच्या गरम पाण्यात ठेवा, मग तव्यावर लालसर परता. काळ्या मसाल्याचा, खोबरे-कांदा भाजून केलेला झणझणीत रस्सा उकळला की शेवटी फोडी सोडा. वांग्यात घातले तर वांग्याला जोर येतो. हाताने कुस्करून कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून परतले की अंड्याच्या भुर्जीची आठवण होते, अन् माळकऱ्यांनाही चालते. ज्या पोरांनी ताट सरकवले होते ती आता भुर्जीच मागतात.

गाळून उरलेला चोथा फेकू नका. ज्वारीच्या पिठात तिसरा हिस्सा मिसळून थालीपीठ लावा, तीळ आणि ओवा घालून. नुसत्या भाकरीत जास्त घातला तर ती थापताना चिरते, तेवढे सांभाळा.

मांडवामागे चूल पेटली आहे. पाच किलो सोयाबीन रात्रीपासून भिजत घातले आहे. जेवणाच्या सुट्टीत मायबहिणींनी यावे, आणि भावांनीही यावे, वाटायला हात कमी पडत आहेत.