यंत्र वाजते, माणूस काय करतो?



आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. विजेच्या यंत्रांतून निघणारे नाचाचे संगीत आणि त्याच्या जोडीला पडद्यावर हलणारी चित्रे. यात व्याख्यान देण्याजोगे काय आहे? आम्हांलाही एके काळी तसेच वाटत होते. म्हणून ज्यांनी या प्रकाराला वळण लावले, त्या एकाच मंडळीविषयी आम्ही बोलणार आहोत.

जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ हे र्‍हाईन नदीकाठचे शहर. तेथे १९७० साली राल्फ ह्यूटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनी ‘क्राफ्टवेर्क’ हा संच काढला. क्राफ्टवेर्क म्हणजे वीजघर. १९७४ साली त्यांची ‘आउटोबान’ ही बावीस मिनिटांहून मोठी रचना आली. तिचा विषय मोटारींचा हमरस्ता! आपल्या संगीताला ते कारखानदारीच्या युगाचे लोकसंगीत म्हणत. पुढे १९७७ च्या ‘ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस’मधील सूर न्यूयॉर्कच्या आफ्रिका बम्बाटाने १९८२ साली आपल्या नाचाच्या गाण्यात घेतला, आणि डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय तरुणांनी याच वाटेने ‘टेक्नो’ उभे केले.

१९८१ साली ही मंडळी जगाच्या दौर्‍यावर निघाली. त्या दौर्‍यात ती मुंबईसही येऊन गेली. रंगमंचावर वादकांच्या मागे पडदे, आणि त्यांवर ठेक्याबरोबर बदलणारी चित्रे. हे कसे साधते? ठेका यंत्रात अंकांच्या रूपाने भरलेला असतो. त्या अंकांची खूण आवाजाच्या यंत्राला मिळते, तशीच ती चित्राच्या यंत्रालाही देता येते. मग लय वाढली की चित्रही धावते. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्यांनी आठ रात्री आठ संग्रह सादर केले. तेव्हा प्रेक्षकांना खास चष्मे दिले होते. त्यांतून पाहता चित्रे पडदा सोडून अंगावर येत.

आता आक्षेप. चार माणसे चार टेबलांमागे जवळजवळ निश्चल उभी असतात. मग ती वाजवितात तरी काय? आक्षेप खोटा नाही. ‘रोबोट’ या रचनेच्या वेळी तर रंगमंचावर माणसांऐवजी त्यांचे पुतळेच हलत असत! परंतु त्याच १९८१ च्या दौर्‍यात ते हिशेबाचे छोटे यंत्र हाती घेऊन पुढे येत आणि श्रोत्यांना त्याची बटणे दाबू देत. एका टोकाला माणूस नाहीसा झालेला, दुसर्‍या टोकाला श्रोताच वादक झालेला. माणूस आणि यंत्र यांचे नाते काय, हा प्रश्न ते भाषणाने नव्हे, खेळानेच विचारतात.

आणि निर्णय माणसाचाच असतो, याचे एक उदाहरण पाहा. १९७५ च्या ‘रेडिओ-अ‍ॅक्टिव्हिटी’ या नावात आकाशवाणी आणि किरणोत्सर्ग असा दुहेरी अर्थ होता. भूमिका मात्र स्पष्ट नव्हती. नंतर १९७९ साली हॅरिसबर्गजवळ आणि १९८६ साली चेर्नोबिलला अणुभट्ट्यांचे अपघात झाले. १९९१ साली त्यांनी ती रचना नव्याने बांधली, तेव्हा त्या गावांची नावे घेतली आणि ‘थांबवा’ हा शब्द घातला. २०१२ साली जपानमध्ये ती सादर करताना फुकुशिमाचेही नाव आले. यंत्राला हे सुचले नाही. ज्याला लाज वाटते, भीती वाटते, त्यालाच शब्द बदलावासा वाटतो.

कार्यक्रमाच्या अखेरीस एकेक वादक आपला तुकडा वाजवितो, रंगमंचाच्या कडेला येतो, मान लववितो आणि निघून जातो. ह्यूटर सर्वांत शेवटी जातो. श्नायडर २००८ साली संचातून बाहेर पडला आणि २०२० साली निवर्तला. तरी ही रीत चालू राहिली. आमच्या मते उत्तर त्या मान लवविण्यात आहे. यंत्र अचूक ठेका धरील, पण श्रोत्यांचे ऋण ते मानीत नाही. ते मानणारा कोणी रंगमंचावर आहे तोवर त्या खेळाला कला म्हणण्यास आमची हरकत नाही. आपली असल्यास ती अवश्य सांगावी. चर्चेस वेळ राखून ठेवला आहे.