निंबावरची नोटीस
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं झालं. मी झाडांवर बोलणार आहे, आणि तेही शहरातल्या. मागे बसलेल्या काहींना हसू आलं. हसा. बांधावरची बाभूळ जगवताना नाकी नऊ येतात, तिथं शहराच्या झाडांशी आपलं काय देणंघेणं?

माझीच गोष्ट सांगतो. तालुक्याच्या गावी, जिथं मी कापूस नेतो तिथं, रस्त्याच्या कडेला एक जुना निंब होता. गाड्यांची रांग लागली की त्याच्याखाली मुक्काम. माझे वडील तिथंच बैल सोडायचे, मी ट्रॅक्टर उभा करायचो. एका वर्षी त्या निंबाच्या खोडाला कागद चिकटवलेला दिसला. कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा असेल म्हणून वाचला नाही. पुढच्या खेपेला निंब नव्हता. फाल्गुनातल्या उन्हात दिवसभर डोक्यावर पोतं घेऊन बसलो, तेव्हा चहावाल्यानं सांगितलं, ती झाड तोडण्याची नोटीस होती.

नगरपालिकेला शिव्या द्यायला मी मोकळा आहे. पण कागद वाचला नाही तो मी.

कायदा म्हटला की आपल्याला धडकीच भरते. आपल्या रानातला आंबा, चिंच, साग तोडायला १९६४ च्या कायद्यानं परवानगी लागते, त्यासाठीचे हेलपाटे तुम्हाला ठाऊक आहेत. शहरासाठी वेगळा कायदा आहे, १९७५ चा. त्यानं महापालिका आणि नगरपालिकांना वृक्ष प्राधिकरण नेमायला सांगितलं. झाड तोडायचं तर त्या झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस द्यायची, लोकांच्या हरकती ऐकायच्या. दर पाच वर्षांनी झाडांची गणती करायची. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांच्या वरच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला.

आता मला सांगा, बाजारपेठेतला निंब पन्नास वर्षांचा आहे की तीस, हे कोण सांगेल? काल बदलून आलेला साहेब? की ज्यानं लहानपणी बापाबरोबर त्याखाली भाकर सोडली तो म्हातारा?

गणतीचंच घ्या. न्यूयॉर्क शहरानं २०१५ साली रस्त्याकडेची झाडं मोजली. साडेसहा लाखांवर भरली. त्या कामात पगारी माणसांच्या जोडीला दोन हजारांवर साधी माणसं होती. त्यांना आधी शिकवलं: झाड कसं ओळखायचं, घेर कसा मोजायचा, दुखणं कसं टिपायचं. आपल्याकडे २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत पन्नास कोटी झाडांचा संकल्प झाला. खड्डे मोजले, फोटो निघाले. दोन उन्हाळ्यांनंतर आपल्या तालुक्याच्या गावी उभी किती राहिली, हे मोजायला आपल्यातलं कोण गेलं?

आपल्याला काय कळतं, असं म्हणू नका. मुंबईत रेन ट्री नावाची मोठमोठी झाडं वाळली. त्यांच्यावर सापडला पिठ्या ढेकूण, मिलीबग! कपाशीवरचा मिलीबग ओळखायला आपल्याला शाळेत जावं लागत नाही. जाणकारांनी दुसरंही कारण सांगितलं: बुंध्यापर्यंत ओतलेलं काँक्रीट. मुळाला ना पाणी, ना हवा. हरित न्यायाधिकरणानं २०१३ साली दिल्लीत झाडाभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. जमीन तापली, आवळली की मूळ गुदमरतं, हे कोरडवाहूवाल्याला कुणी शिकवायचं?

आपल्याला शिकायचंही आहे. वाढलेल्या झाडाची फांदी कुठून कापावी, खोडाची साल सोलू न देता कशी उतरवावी, विजेच्या तारेखाली कोणतं झाड लावू नये, हे काम वेगळं आहे. सामाजिक वनीकरणवाले आणि कृषी विद्यापीठाची माणसं आपल्या बैठकीला बोलवा. भाषणाला नको, कुऱ्हाड-करवत घेऊन झाडाखाली बोलवा. पोरंपोरी शिकतील. न्यूयॉर्कमध्ये असं शिकून परीक्षा दिलेल्या नागरिकाला रस्त्यावरच्या झाडाची छाटणी करण्याचा परवाना मिळतो. आपल्या पोरांना का मिळू नये, हे नगरपालिकेला विचारू.

कुणी म्हणेल, शहरवाल्यांची सावली शहरवाले बघतील. भावांनो, त्यांच्या घरावर स्लॅब आहे, खाली पंखा आहे. बाजार समितीत, बँकेच्या दारात, दवाखान्यापुढं, एस.टी.च्या थांब्यावर तासन्‌तास उन्हात उभं कोण असतं? लेकरू काखेत घेऊन कोण असतं? शहराची सावली सगळ्यात जास्त लागते ती खेड्यातून आलेल्या माणसाला.

म्हणून तीन कामं घेऊन घरी जा. एक, आपल्या बाजाराच्या गावी नगरपालिकेत जाऊन विचारा, झाडांची गणती कधी झाली, यादी दाखवा. दोन, जिथं आपण गाड्या लावतो तिथली जुनी झाडं म्हाताऱ्यांना विचारून वयासकट लिहून काढा आणि तो कागद पोच घेऊन द्या. तीन, पुढच्या पावसाळ्यात झाडं लावाल तर जितक्यांना दोन उन्हाळे पाणी घालणारा माणूस नावानिशी ठरला असेल, तितकीच लावा.

आणि झाडाला कागद दिसला, तर थांबा. वाचा. हरकत लिहून द्या. माझा निंब गेला. तुमचा अजून उभा असेल.