साधनाची किंमत आणि साधनाचे मोल
(जळगाव व धुळे येथील संकेतस्थळ-व्यावसायिकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रावेर-यावल भागातील केळी-बागायतदार ठिबक सिंचनाचा संच घेतो, तेव्हा तो केवळ नळ्यांचा भाव विचारीत नाही. पाणी किती वाचेल, वीज किती लागेल, फिल्टर कोण साफ करील आणि तोट्या तुंबल्यास दुरुस्ती कोठे होईल, या साऱ्यांचा मेळ घालून मगच तो निर्णय घेतो. जळगाव व धुळे येथे संकेतस्थळे तयार करून देणाऱ्या तरुणांपुढे आज जो प्रश्न आहे, त्याचे उत्तर या बागायतदाराच्या हिशेबात सापडते.

१५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या आणि आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात संगणकाचे शिक्षण घेतलेला तरुण गावातच व्यवसाय मांडतो. डाळ मिल, सराफी पेढी, केळीचे व्यापारी, शिक्षणसंस्था हे त्याचे ग्राहक. पुण्या-मुंबईचा मोबदला त्याला मिळत नाही. विकत मिळणाऱ्या साधनांची वर्गणी मात्र पुष्कळदा डॉलरमध्ये आकारली जाते. ती द्यावी की न द्यावी, यावर त्याच्या व्यवसायाचे भवितव्य अवलंबून असते.

हिशेबाची रीत

समजा, एखाद्या साधनाची वार्षिक वर्गणी कर धरून २४,००० रुपये आहे आणि व्यावसायिकाच्या एका तासाचे मोल २०० रुपये आहे. वर्षाला १२० तास, म्हणजे आठवड्याला सुमारे अडीच तास वाचले, तरच ते साधन आपला खर्च भरून काढते. वर्षातून चारच संकेतस्थळे करणाऱ्यास ते परवडणार नाही. रोज त्याच कामात असणाऱ्यास ते स्वस्त ठरेल. तेव्हा साधन महाग की स्वस्त, हे किंमतपत्रकावरून नव्हे, तर कामाच्या वहीवरून ठरते.

मोफत साधनेही काही कमी योग्यतेची नाहीत. लिनक्स १९९१ मध्ये, पीएचपी व अपाचे १९९५ मध्ये आणि वर्डप्रेस २००३ मध्ये पुढे आले. जगातील असंख्य संकेतस्थळे त्यांवर उभी आहेत. भारत सरकारनेही २०१५ च्या धोरणान्वये शासकीय कामात मुक्त स्रोत आज्ञावलींना प्राधान्य दिले. तथापि मोफत मिळालेले साधन बिनखर्चाचे नसते. त्यात वेळोवेळी सुधारणा न केल्यास संकेतस्थळात घुसखोरीला वाट मिळते. ठिबकाचा फिल्टर फुकट मिळाला तरी तो धुवावाच लागतो.

काही जण तिसरा मार्ग धरतात, तो चोरीच्या प्रतीचा. स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ साली समाविष्ट झालेल्या कलम ६३ब नुसार आज्ञावलीची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणे हा अपराध आहे. शिवाय अशा प्रतीबरोबर येणारा विषाणू ग्राहकाच्या हिशेबाच्या संगणकापर्यंत पोहोचू शकतो. त्या नुकसानीपुढे वाचलेली वर्गणी काहीच नव्हे.

साधन बंद पडते तेव्हा

एके काळी घरोघरी पोहोचलेले 'फ्रंटपेज' २००६ मध्ये बंद झाले. 'फ्लॅश'चा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि केवळ त्यावर बांधलेली संकेतस्थळे निरुपयोगी झाली. अॅडोबीने २०१३ मध्ये आपल्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकण्याऐवजी वर्गणीवर देण्याचे ठरविले. म्हणून खरेदीपूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : उद्या वर्गणी थांबली, तर ग्राहकाचा मजकूर, छायाचित्रे व नोंदी सहजपणे बाहेर काढता येतील काय? उत्तर नकारार्थी असेल, तर ते साधन कितीही स्वस्त असले तरी महागच होय.

मराठीची कसोटी

दुसरी कसोटी भाषेची. जुन्या, विशिष्ट फाँटवर अवलंबून असलेल्या पद्धतीने टंकलिखित केलेला मराठी मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखा दिसतो व शोधूनही सापडत नाही. युनिकोडने ही अडचण दूर केली असून 'मुक्त'सारखे देवनागरी फाँट विनामूल्य उपलब्ध आहेत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने १९२७ पासून जपलेल्या कागदपत्रांसारखा ठेवा जेव्हा संकेतस्थळावर येईल, तेव्हा तो पन्नास वर्षांनंतरही वाचता आला पाहिजे. अहिराणीतील मजकुरासही हाच न्याय लागू आहे. जे साधन जोडाक्षरे नीट दाखवीत नाही, त्याची इतर वैशिष्ट्ये खानदेशच्या उपयोगाची नाहीत.

सारांश, प्रथम मोफत साधनाने काम सुरू करावे. कोठे वेळ जातो, याची तीन महिने वहीत नोंद ठेवावी. आणि जेथे तोटा स्पष्ट दिसेल, तेथेच पैसे खर्च करावेत. जळगावचा सराफ कसोटीवर घासल्याखेरीज सोने घेत नाही. साधनांची पारखही त्याच सावधपणे झाली, तर खानदेशातील तरुणाची कमाई वर्गणीत वाहून न जाता त्याच्याच गावात राहील.