पहिला पास : आइस हॉकीतील बचाव आणि प्रतिचढाई

आइस हॉकीत बचावातून चढाई उभी राहते ती दोन-तीन सेकंदांत. सुमारे 60 मीटर लांबीच्या बर्फावर प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू असतात आणि दोन निळ्या रेषा मैदानाचे तीन भाग करतात. पक, म्हणजे रबराची चकती, आपल्या भागात हिसकावून घेतल्यावर ती निळ्या रेषेपलीकडे सुखरूप नेणे हा ब्रेकआउट. प्रेक्षकांना यात पायांचा वेग दिसतो. खरे काम मात्र पहिला पास करतो, कारण कोणताही खेळाडू पकपेक्षा वेगाने घसरू शकत नाही.

कोपऱ्यातल्या पककडे झेपावणारा बचावपटू ती ताब्यात येण्याआधीच मान वळवून खांद्यावरून मागे पाहतो. प्रतिस्पर्धी कुठून येतो आहे आणि साथीदार कुठे मोकळा आहे, हे त्याला तेव्हाच कळायला हवे. पक मिळाल्यावर विचार सुरू करणारा बचावपटू भिंतीशी कोंडला जातो. कडेच्या भिंतीलगत थांबलेला विंगर, मधून खाली वळून येणारा सेंटर आणि गोलच्या मागे पलीकडे उभा असलेला जोडीदार, अशा तीन वाटा त्याच्यासमोर असतात. तिसरी वाट धाराशिव जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला चटकन उमजेल. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला बसलेल्यांची रांग ओलांडता येत नाही. तो खो देतो आणि पाठलाग क्षणात पलीकडच्या बाजूला जातो. याच जिल्ह्यातल्या, 2020च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी सारिका काळे यांच्या खेळाचा प्राणही हाच. गोलमागचा पास तेच करतो: दबाव एका बाजूला जमला, की खेळ दुसरीकडे सरकतो.

नियमांनीही या खेळाला वेग दिला. उत्तर अमेरिकेच्या एनएचएलमध्ये आपल्या भागातून थेट मधल्या लाल रेषेपलीकडे पास देण्यास असलेली बंदी 2005-06च्या हंगामापासून उठली आणि लांब पासला मोकळीक मिळाली. मैदानी हॉकीतही 1990च्या दशकात ऑफसाइड रद्द झाला. खडकीचे धनराज पिल्ले त्याच काळातले. 1998च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने 32 वर्षांनी सुवर्णपदक जिंकले. चेंडू घेऊन सुसाट धावण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे होते; पण त्या धावेलाही मागून वेळेवर आलेला चेंडू लागतोच.

आइस हॉकीत ऑफसाइड आजही आहे: पकच्या आधी कोणी प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेआत शिरला, तर चढाई थांबते. म्हणून पुढचे खेळाडू रेषेजवळ तिरके वळतात, वेग राखतात आणि पकची वाट पाहतात. दोघांसमोर एकच बचावपटू उरला, तर तो बहुधा मधला पास अडवतो आणि फटका गोलरक्षकावर सोपवतो. तिसरा आक्रमक जरा मागे राहतो. पक पुन्हा हिसकावली गेलीच, तर परत फिरणारा पहिला तोच असतो.