नकलेची रुजुवात

श्रोतेहो, आपली छायाचित्रे, पत्रव्यवहार, गाण्यांचा संग्रह आणि घरखर्चाचे हिशेब परक्या कंपनीच्या हवाली न करता घरातल्याच एखाद्या जुन्या संगणकावर किंवा तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवर स्वतःच्या बंदोबस्तात ठेवणारी जी हौशी मंडळी आहेत, त्यांच्या महिनाभरातील घडामोडी सांगण्याचे काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आहे. ते मी आधी झटपट उरकून घेतो. कारण मला बोलावयाचे आहे ते दुसऱ्याच एका गोष्टीविषयी, आणि केंद्रावरचे घड्याळ कोणाचीच भीडमुर्वत ठेवीत नाही.

महिन्याचे ठरलेले वार ठरल्याप्रमाणे पार पडले. पहिल्या बुधवारी होम असिस्टंटची नवी आवृत्ती, दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या. डेबियन वापरणाऱ्यांच्या यंत्रांवर पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर रेडमधील डिस्कची आणि दुसऱ्या रविवारी झेडएफएसच्या साठ्याची तपासणी, कोणी न सांगता, आपोआप झाली. ती चालू असताना डिस्कची घरघर ऐकून काही नवशिके दचकून उठतात, त्यांनी निर्धास्त झोपावे. नव्या प्रोग्रामांविषयी सांगण्याजोगे पुष्कळ आहे, पण ते वाचून कळते.

आता मूळ मुद्दा. येत्या ३१ मार्चला जागतिक बॅकअप दिन आहे. २०११ पासून पाळल्या जाणाऱ्या या दिवशी मंडळी उत्साहाने बॅकअप घेतात. माझे म्हणणे असे, की त्या दिवशी बॅकअप घेऊ नये, घेतलेला उघडावा. घेण्याचे काम यंत्र रोज रात्री मुकाट्याने करीतच असते. किंबहुना ते मुकाट्याने करते हेच माझ्या चिंतेचे कारण आहे. जी नक्कल आपण एकदाही उघडून मुळाशी ताडून पाहिली नाही, ती आपल्यापाशी आहे असे कृपा करून धरून चालू नका.

गिटलॅब या कंपनीची हकीकत आपणापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, तरी तिचा उत्तरार्ध विसरला जातो म्हणून सांगतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तेथील एका अभियंत्याने दुय्यम यंत्रावरचा समजून मुख्य यंत्रावरचाच डेटाबेस पुसण्याचा हुकूम सोडला, आणि ध्यानी येऊन हात आवरीपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचारच उरले. इथवर सर्वांना पाठ असते. पुढे असे, की दर चोवीस तासांनी जिथे नक्कल जमा व्हावयाची ती जागा उघडली तर रिकामी! डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि नक्कल काढणारा प्रोग्राम ९.२ चा; तो आरंभीच अडखळून बंद पडत होता. अडखळल्याची वर्दी देणारी ईमेल सुटत होती, परंतु तिच्यावर रीतसर सही-शिक्का नसल्याने ती परस्पर नाकारली जात होती. अखेर कामास आली ती सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी एकाने हाताने काढून ठेवलेली प्रत. कंपनीने हे सारे इत्यंभूत प्रसिद्ध केले, डागडुजीही जगाला थेट दाखविली, हा तिचा मोठेपणा खराच. पण पगारी तज्ज्ञांच्या घरी जर ही गत, तर आपली काय कथा?

आपल्याकडे पुष्कळ घरी अजून चैत्र-वैशाखात वर्षाची बेगमी होते. गव्हाला उन्हे दिली, कडुनिंबाचा पाला घालून तो कणगीत भरला, तांदळाला बोरिक पावडर लावली, तुरीच्या डाळीला तेलाचा हात फिरविला, वर झाकण बसविले आणि घरची कर्ती बाई वर्षभर स्वस्थ बसली, असे कोणी पाहिले आहे काय? ती मधूनमधून झाकण काढते, हात कोपरापर्यंत आत घालून तळचे मूठभर दाणे वर आणते, सुपात पाखडते, आणि टोके दिसले की सारी कणगी अंगणात ओतते. वरच्या दाण्यांवर तिची भिस्त नसते. आम्ही मात्र यादीत काल रात्रीची तारीख दिसली की निर्धास्त होतो. ती तारीख झाकण बसल्याचा दाखला आहे. दाण्याचे ती काहीच सांगत नाही. रेडमध्ये दोन डिस्क जोडून दोन प्रती झाल्या असे म्हणणाऱ्यांच्या दोन कणग्या तर अशा, की एकीत खडे पडले की त्याच क्षणी दुसरीतही पडतात. आणि कोठीची किल्ली कोठीतच टाकून कुलूप लावणारेही आपल्यात कमी नाहीत. रेस्टिकने काढलेली नक्कल कुलूपबंद असते आणि तिचा पासवर्ड हरवला तर ती उघडण्याची दुसरी तजवीज नाही. हा पासवर्ड मंडळी ठेवतात व्हॉल्टवॉर्डन या पासवर्डांच्या तिजोरीत, आणि व्हॉल्टवॉर्डन चालतो त्याच यंत्रावर! तो कागदावर लिहून रेशनकार्डाशेजारी कपाटात ठेवावा, एवढी तसदी का जड जाते?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम सर्वांना मुखोद्गत आहे: प्रती तीन, माध्यमे दोन, एक प्रत घराबाहेर. नियम उत्तम. त्यात उघडून पाहण्याचा आकडा नाही, एवढीच माझी तक्रार. उघडल्यावर काय काय दिसते म्हणून सांगू! इमिचवर छायाचित्रे ठेवणारे कित्येकजण चित्रांचा कप्पा उतरवून घेतात आणि पोस्टग्रेसचा डेटाबेस मागे सोडतात. मग चित्रे हाती येतात, परंतु कोणते चित्र कोणत्या अल्बममधले, कोणता चेहरा कोणाचा, ही वर्षानुवर्षांची मांडणी नाहीशी होते. दुसरे कोणी चालू डेटाबेसच्या फायली तशाच आरसिंकने उचलतात. त्यांत काही पाने जुनी, काही अर्धी लिहिलेली. फायलींची संख्या बरोबर, आकारही बरोबर, आणि डेटाबेस उभा राहण्याचे नाव घेत नाही. त्यासाठी पीजी-डंपने रीतसर प्रत काढावी लागते, आणि ती कोऱ्या यंत्रावर उभी राहीपर्यंत काम झाले असे म्हणू नये. हे मी तिसऱ्यांदा सांगतो आहे याची मला कल्पना आहे.

वेळ संपत आली. संकेतस्थळांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांच्या मुदतीविषयीही बोलावयाचे होते. २०२५ च्या एप्रिलात झालेल्या ठरावानुसार ही मुदत टप्प्याटप्प्याने घटत १५ मार्च २०२९ पासून फार तर ४७ दिवसांवर येणार आहे. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रे ९० दिवसांचीच असल्याने आपणांस त्याची आज झळ नाही, परंतु मुदत सरत आल्याची सूचना देणारी त्यांची ईमेलही जून २०२५ पासून बंद झाली आहे, तेव्हा नूतनीकरण झाले की नाही हे ज्याने त्याने... असो, ते पुढल्या महिन्यात. घरच्या इंटरनेट जोडणीला स्वतंत्र पत्ता न मिळण्याचा प्रश्नही तेव्हाच.

आज एवढेच करा. अडगळीत पडलेला जुना लॅपटॉप काढा. कालची नव्हे, चार-सहा महिन्यांपूर्वीची नक्कल निवडा. चालू यंत्राला हात न लावता त्या लॅपटॉपवर ती उभी करा, आणि मुलाच्या बारशाचा एखादा फोटो खरोखर उघडतो का ते घरच्यांना बोलावून दाखवा. किती वेळ लागला तो कागदावर टिपून ठेवा. न उघडल्यास संकोच न करता मला लिहा. केंद्राच्या पत्त्यावर आलेले पत्र मला मिळते.