अडीच अधिक अडीच

पनवेलची नगरपालिका 1852 सालची. पण महापौरपद इथे आलं ते ऑक्टोबर 2016 मध्ये महानगरपालिका झाल्यावर. जुलै 2017 मध्ये डॉ. कविता चौतमोल पहिल्या महापौर झाल्या आणि जानेवारी 2020 मध्ये पुन्हा त्याच निवडून आल्या. सलग पाच वर्षं. आपल्याकडे ही लांबलचक कारकीर्दच म्हणायची, कारण महाराष्ट्रात महापौराची मुदतच अडीच वर्षांची. पुढची खुर्ची कोणत्या प्रवर्गाला, ते सोडतीची चिठ्ठी ठरवते.

खरी लांबलचक कारकीर्द पाहायची तर स्पेनच्या बास्क भागातल्या बिल्बाओ शहरात इन्याकी अस्कुना 1999 पासून 2014 मध्ये निधन होईपर्यंत महापौर होते. पेशाने तेही डॉक्टर. जहाजं आणि पोलाद बनवणाऱ्या त्या काळवंडलेल्या शहराचा नदीकाठ पालटला, महापालिका कर्जातून बाहेर आली, 2012 चा जागतिक महापौर पुरस्कार त्यांना मिळाला. गुगेनहाइम संग्रहालयही लोक त्यांच्याच खात्यावर मांडतात; ते मात्र त्यांच्या आधी, 1997 मध्येच उघडलं होतं.

आता गंमत पाहा. तिथेही महापौर नगरसेवकच निवडतात. पण निवडला की कारभार त्याच्या हातात. आपल्या 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाने कार्यकारी अधिकार दिले आयुक्तांना. महापौरांनी महासभा चालवायची, ठराव करायचे. फाईल पुढे सरकवणार आयुक्त.

पनवेलची महासभा भरायची फडके नाट्यगृहात, आणि तिथे नाट्यही कमी झालं नाही. मार्च 2018 मध्ये सत्ताधाऱ्यांनी आयुक्त सुधाकर शिंदे यांच्यावर अविश्वास ठराव आणला. त्याला एकूण नगरसेवकांच्या पाच-अष्टमांश मतं लागतात. 78 जणांच्या सभागृहात 51 भाजपचे, त्यामुळे ठराव मंजूर झाला. राज्य शासनाने तो चालू दिला नाही. सरकारही त्याच पक्षाचं होतं, बरं का! पुढे थोड्याच दिवसांत शिंदेंची बदली झाली. कोण जिंकलं, ते तुम्हीच ठरवा.

बाकी पाणीटंचाई, सिडकोच्या वसाहतींचं हस्तांतर, मालमत्ता कराचा वाद हे सगळं महापौरांच्याच दारात येत राहिलं. लोक जाब विचारणार तो निवडून दिलेल्यांनाच.

जुलै 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली. पुढची निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये. मधली साडेतीन वर्षं पनवेलला महापौरच नव्हता. नालेसफाई झाली, कराची बिलंही वेळेवर आली. प्रशासक म्हणून सही आयुक्तांचीच होती.