एक पक्षी हाती, शंभर आकाशी
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



स्पेनमधला किंवा मेक्सिकोमधला विद्यार्थी इंग्रजी शिकू लागतो, तेव्हा त्याचे पहिले दिवस बरेच सुखाचे जातात. लिपी जवळजवळ तीच, लॅटिनमधून आलेले असंख्य शब्द ओळखीचे. पुढे व्याकरण जमते, पत्र लिहिता येते. आणि मग एके दिवशी पाऊस पडतो. इंग्रज म्हणतो, कुत्री-मांजरे कोसळत आहेत! वाक्यातला प्रत्येक शब्द विद्यार्थ्याला येत असतो. अर्थ मात्र हाती लागत नाही. त्याच्या मायबोलीत पाऊस घागरींनी ओततो, जसा मराठीत तो मुसळधार कोसळतो.

सर्व शब्द येऊनही अर्थ न कळणे, ही परभाषा शिकणाऱ्याची फार एकाकी अवस्था असते. मंडळी हसतात म्हणून तोही हसतो. हसू कशाचे, हे त्याला ठाऊक नसते. असे चारदा घडले की तो बोलणेच कमी करतो. म्हणूनच म्हणी आणि वाक्प्रचार हा केवळ भाषेच्या अलंकाराचा विषय नव्हे. माणसांच्या बैठकीत जागा मिळण्याचा तो प्रश्न आहे.

या वाटेवर स्पॅनिशभाषकाला तीन प्रकारचे सोबती भेटतात.

पहिला सोबती जुन्या ओळखीचा. 'एका पाकोळीने उन्हाळा होत नाही' ही म्हण इंग्रजीत आहे, तशीच स्पॅनिशमध्येही आहे. तिचे मूळ ग्रीकमध्ये असून ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात ती आढळते. इरॅस्मसने ग्रीक व लॅटिन म्हणींचा संग्रह 1500 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे तो वाढवत नेला. असे समाईक धन युरोपच्या अनेक भाषांत खेळत राहिले. येथे शब्दशः भाषांतर चालते.

दुसरा सोबती भाव तोच ठेवून वेश बदलतो. इंग्रजाच्या हातातला एक पक्षी झुडपातल्या दोन पक्ष्यांच्या मोलाचा. स्पॅनिश माणसाच्या हातातला पक्षी मात्र उडत्या शंभरांहून मोलाचा! महागडी वस्तू इंग्रजाचा एक हात आणि एक पाय घेते, स्पॅनिशभाषकाचा चेहऱ्यावरचा एक डोळा. सोपे काम इंग्रजाला केकचा तुकडा वाटते, स्पॅनिशभाषकाला खाऊन झालेली भाकरी. या भाकरीला स्पॅनिशमध्ये 'पान' म्हणतात. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला 'पाव' हे तिचेच भावंड. थट्टा करताना इंग्रज पाय ओढतो, स्पॅनिशभाषक केस धरतो. मराठी माणूस फसवताना शेंडी लावतो. म्हणजे तोही केसांपाशीच पोहोचतो. उलट, मराठीत कोणी पाय ओढले तर ती थट्टा राहत नाही, तो अडथळा होतो.

तिसरा सोबती फसवा. स्पेनमध्ये सर्दी झालेला माणूस स्वतःला 'कोन्स्तिपादो' म्हणवतो. त्याच्याशी मिळताजुळता इंग्रजी शब्द वापरून तो वैद्याकडे गेला, तर औषध नाकाऐवजी पोटाचे मिळेल! याहून नाजूक फसगत प्रसंगाची असते. मरणे या अर्थी इंग्रजीत बादलीला लाथ मारतात, स्पॅनिशमध्ये तंगडी ताणतात. अर्थ जुळला, पण दोन्ही प्रयोग 'गचकला' या जातीचे आहेत. सांत्वनाच्या पत्रात तो वापरणाऱ्याच्या मनात दुःख असेल, पण वाचणाऱ्याला त्यात चेष्टाच दिसेल.

यावर उपाय काय? याद्या घोकणे नव्हे. वाक्प्रचार अखंड घ्यावा, सुटा करू नये. आणि तो कोणी, कोणाला, कोणत्या वेळी म्हटला, हेही त्याच्यासह टिपावे. शेजारी आपल्या भाषेतला प्रतिशब्द नव्हे, तर त्या प्रसंगी आपल्या घरी काय म्हणतात ते लिहावे. ज्या विद्यार्थ्याच्या कानावर आजीच्या म्हणी पडल्या आहेत, त्याची ही वही लवकर भरते. ज्याच्याकडे स्वतःचा साठा नाही, त्याला परक्या म्हणी टांगायला खुंटीच सापडत नाही.

सर्व्हांतेसच्या 'डॉन किहोते' या कादंबरीतला सांचो पांझा निरक्षर आहे, पण बोलू लागला की म्हणींची माळच ओवतो. 1615 साली आलेल्या दुसऱ्या भागात त्याचा धनी त्याला या सवयीबद्दल रागे भरतो. तरीही सांचोच्या म्हणी थांबत नाहीत. असे धन बरोबर घेऊन इंग्रजीच्या दारी जाणारा विद्यार्थी रिकाम्या हातांनी गेलेला नसतो.

विद्यार्थिमित्रहो, या शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्यावरची भाषा निराळी, परीक्षेची निराळी आणि नोकरीची आणखी निराळी आहे. अशा ठिकाणी घरची भाषा ओझे वाटू लागणे स्वाभाविक आहे. परंतु स्पॅनिशभाषक विद्यार्थ्याचा अनुभव उलट साक्ष देतो. इंग्रजीच्या झुडपातले दोन पक्षी अवश्य धरावेत. मात्र हातातला सोडून नव्हे.